आधी वर्ग तपासा, मग मुलं: मराठवाड्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

पवित्र पोर्टलवरून निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली आणि तुम्ही भोकरदन, पालम, औंढा किंवा वाशी तालुक्यातल्या एखाद्या दोन-तीन शिक्षकी शाळेत रुजू झालात. पहिल्या काही महिन्यांतच दोन कामं हमखास अंगावर येतात. एक, चाचण्यांचे गुण तक्त्यात भरणं. दुसरं, शिक्षण परिषदेत कुणीतरी सहज सांगून टाकलेलं ‘यंदा एक कृतिसंशोधन करा’, म्हणजे आपल्याच वर्गातल्या एका प्रश्नावर उपाय करून तो तपासा. डी.एल.एड. किंवा बी.एड.ला आपण परिकल्पना, चल, सप्रमाणता यांच्या व्याख्या पाठ केलेल्या असतात. त्या खऱ्या वर्गात कुठे बसवायच्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि या दोन्ही कामांतून गेले आहे. माझा सल्ला थोडा उलट्या बाजूनं सुरू होतो. चाचणीच्या गुणांत पत्र्याचा ताप, खोलीतला अंधार, तहान, कच्ची नजर हे सगळं मिसळलेलं असतं. ते वेगळं काढल्याशिवाय ‘हे लेकरू कच्चं आहे’ असा शेरा मारणं घाईचं ठरतं. म्हणून आधी वर्गाचं आरोग्य पाहायचं, चाचणी त्यानंतर. आणि ही वर्गतपासणीच तुमच्या कृतिसंशोधनाचा उत्तम विषय होऊ शकते, वेगळा विषय शोधत बसायची गरज नाही.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

कागद:
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. साधा अर्ज पुरतो, आवक नोंद मात्र करून घ्या.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात विषयाची नोंद.
- पालकांचं संमतिपत्र, सोप्या मराठीत, एका पानात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून अंगठा घ्या. उर्दू, तेलुगू किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणाऱ्या घरांत भाषा जाणणारं कुणी सोबत न्या.
- हजेरीपत्रक, आणि मागच्या आरोग्य तपासणीच्या नोंदी असतील तर त्या.

साधनं:
- मोजपट्टी किंवा गवंड्याचा टेप, भिंतीवर टांगायचा साधा तापमापक, वजनकाटा.
- नजर तपासायचा ई-तक्ता. आरोग्य पथकाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मागितला की मिळतो.
- एक जाड वही. मोबाईलवर नोंदी ठेवल्या तरी ही वही हवीच, कारण मोबाईल बदलतो.

संगणक नसला तरी अडत नाही. या लेखातलं सगळं गणित कागदावर होतं.

१. पहिला आठवडा नुसती नोंद घ्या

काहीही बदलू नका. रोज तीन वेळा, म्हणजे शाळा भरल्यावर, जेवणाआधी आणि शेवटच्या तासाला, वहीत चार गोष्टी लिहा: तापमान, किती मुलं हजर, किती मुलांनी पाणी मागितलं, किती मुलं पेंगत किंवा चुळबुळ करत होती. शेवटची नोंद ढोबळच असणार. पण ‘पेंगणं’ म्हणजे काय ते आधी ठरवून लिहून ठेवा. उदाहरणार्थ, डोकं बाकावर किंवा गुडघ्यावर टेकवलेलं. रोज वेगळ्या मापानं मोजलं तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

ही कंटाळवाणी पायरी बहुतेक जण गाळतात. मग उपाय केल्यावर फरक पडला की नाही हे सांगायला हातात आधीचं काहीच नसतं. अहवालात ‘लक्षणीय सुधारणा दिसून आली’ हे वाक्य येतं आणि खाली एकही आकडा नसतो.

२. उजेड आणि फळा

दुपारी दोनच्या सुमारास शेवटच्या ओळीत मुलाच्या जागी मुलासारखं खाली बसा आणि फळा वाचून पाहा. फळ्याचा एक कोपरा चमकत असेल तर त्या बाजूच्या मुलांना तिथलं काहीच दिसत नसतं. खिडकी फळ्यामागे असेल तर सगळ्या वर्गाचे डोळे दिपतात. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला उजेड डाव्या बाजूनं यावा, नाहीतर त्याच्याच हाताची सावली वहीवर पडते. डावखुऱ्या मुलाचं उलट.

वर्गात साधारण ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं धरतात. मोबाईलवरची उजेड मोजणारी अॅप अचूक नसतात, पण एकाच मोबाईलनं दोन कोपऱ्यांची तुलना करायला चालतात. उपाय बहुधा स्वस्त असतात: भिंतींना पांढरा चुना, खिडकीसमोरचं कपाट हलवणं, फळ्याला पुन्हा काळा रंग, दर आठवड्याला ओळींची अदलाबदल. पहिली ओळ फळ्यापासून सहा-सात फुटांवर ठेवा, म्हणजे खडूची पूडही नाकात जात नाही.

३. हवा आणि पत्रा

मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तरी दहा वाजल्यापासून पत्र्याची खोली तापू लागते. बाहेर ४० अंश असताना आत काय असतं ते तापमापक सांगेल. तो मुलं बसतात त्या उंचीवर टांगा, तुमच्या डोक्याच्या उंचीवर नको. खाली बसणाऱ्या मुलांचा वर्ग आणि उभ्या शिक्षकाचा वर्ग यांच्या हवेतही फरक असतो.

पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पत्र्याखाली गोणपाटाचं किंवा बांबूच्या चटईचं छत, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं, हे गावात करता येण्यासारखं आहे. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून फेब्रुवारीत लावा. खिडकी उघडी ठेवायला मुलं का कुरकुरतात ते विचारा. अनेकदा मागे उकिरडा असतो किंवा गाजर गवत माजलेलं असतं. गाजर गवतामुळे त्वचेला खाज सुटते, काहींना दमही लागतो. ते फुलोऱ्यावर येण्याआधी मोठ्या माणसांनी हातमोजे घालून उपटावं, मुलांकडून मुळीच उपटून घेऊ नये. या गवतावर जगणारे मेक्सिकन भुंगे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून पावसाळ्यात मिळतात. शाळेच्या आवारापेक्षा गावाच्या शिवारासाठी तो उपाय जास्त कामाचा, पण ग्रामसभेत सुचवायला हरकत नाही.

४. पाणी आणि शौचालय: हे एकत्रच पाहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे पाण्याचा प्रश्न नवा नाही, आणि टँकर, बोअर, नळ असं शाळेचं पाणी ऋतूप्रमाणे बदलत असतं. म्हणून वर्षातून एकदा तपासणी पुरत नाही. स्रोत बदलला की पुन्हा तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा. क्लोरीन आहे की नाही हे तो ओटी चाचणीनं मिनिटभरात दाखवतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर निदान अर्धा तास थांबून मगच पाणी प्यायला द्यायचं. मात्रा त्यालाच ठरवू द्या, अंदाजानं मूठभर टाकू नका.

बोअरचं पाणी असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट पाहा. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाणी प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरा. किनवट भागातल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. पाणी उकळलं तर जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, हे पालकांनाही सांगा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम धुऊन पाण्याला वापरतात. शाळेत असा एकही ड्रम दिसला तर त्याच दिवशी बाहेर काढा.

आता शौचालय. तुमच्या वहीतल्या ‘पाणी मागितलं’ या रकान्यात मुलामुलींचे आकडे वेगळे काढून पाहा. वरच्या वर्गांत मुलींचा आकडा कमी दिसला तर त्यांना तहान कमी लागते असं समजू नका. शौचालयाला कडी नसते, आत पाणी नसतं, किंवा किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. मग पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, पोटात दुखतं, गणिताच्या तासाला लक्ष लागत नाही. त्याच तासाला तुम्ही चाचणी घेता आणि मुली गणितात मागे आहेत असा निष्कर्ष काढता.

शिक्षण हक्क कायद्यानं मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि सुरक्षित पाणी बंधनकारक केलं आहे. पैशाबद्दल दोन वाटा. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. आणि पंधराव्या वित्त आयोगातून (२०२१-२६) ग्रामपंचायतीला मिळालेल्या निधीचा ६० टक्के भाग फक्त पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवलेला होता. सरपंच आणि ग्रामसेवकांकडे जाताना तोंडी मागणी नेऊ नका. समितीचा ठराव, तुटलेल्या दाराचा फोटो आणि अंदाजपत्रक घेऊन जा. ‘बघू बाई’ हे उत्तर कागद असला की जरा लवकर बदलतं.

हात धुण्याची जागा शौचालयाजवळ आणि जेवणाच्या जागेजवळ, अशी दोन्हीकडे हवी. साबण चोरीला जातो ही तक्रार सगळीकडे आहे. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला की टिकतो.

५. डोळे, कान, पोट

नजरेची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. निदान करायचं नाही, फक्त चाळणी लावायची. ई-तक्ता मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर, ६ मीटर अंतरावर, चांगल्या उजेडात. व्हरांडा सोयीचा पडतो. एकेक डोळा वेगळा पाहा. दुसरा डोळा पुठ्ठ्यानं झाकायचा, हातानं दाबायचा नाही. मुलानं ई कोणत्या दिशेला उघडा आहे ते बोटांनी दाखवायचं, म्हणजे अक्षरओळख नसलेलं लेकरूही तपासता येतं. रांगेतली मुलं तक्ता पाठ करतात, म्हणून बाकीच्यांना लांब बसवा आणि मधूनच तक्ता फिरवा. ज्या मुलाला ६/९ची ओळ जमत नाही त्याचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला द्या. हे पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. यादी तयार असेल तर त्यांचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचतो.

कान फुटलेला असणं ही आपल्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे की आईबाप त्याला आजार मानत नाहीत. तेल घालतात आणि सोडून देतात. हाक मारल्यावर न वळणारं, शब्द चुकीचा ऐकून भलतंच उत्तर देणारं मूल ‘लक्ष देत नाही’ या रकान्यात टाकण्याआधी मागे उभं राहून हळू आवाजात चार ओळखीचे शब्द म्हणा आणि परत म्हणायला सांगा. शुद्धलेखनात ‘प’ आणि ‘ब’ची सतत गल्लत करणाऱ्या मुलाचं आधी ऐकणं तपासा.

जंतनाशक मोहीम बहुधा १० फेब्रुवारीला असते. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, तुमच्यासमोर, घरी न्यायला द्यायची नाही. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला देऊ नका. लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांवरच्यांना निळी, नेहमी शालेय पोषण आहार झाल्यावर. उपाशीपोटी दिली की एखाद्याला मळमळतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर ‘शाळेत गोळीनं पोरं आजारी पडली’ अशी आवई उठते. नंतर वर्षभर त्या गावात गोळी कुणी घेत नाही. म्हणून आदल्या दिवशी पालकांना सांगा, आशाताईंना बोलावून घ्या.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. वजनकाटा आणलाच आहे तर तेही मोजा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, हे टपरीवाल्याला तुम्ही एकट्यानं सांगू नका. समितीकडून सांगा.

६. प्रश्न लहान करा

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातला प्रश्न, आपणच शोधलेला उपाय आणि त्याची प्रामाणिक तपासणी. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही पद्धत मांडली, स्टीफन कोरे यांनी १९५३ मध्ये ती शाळांसाठी सविस्तर लिहिली. त्यात मोठा नमुना किंवा अवघड संख्याशास्त्र अपेक्षित नाही.

‘मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा शैक्षणिक प्रगतीवर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास’ असलं शीर्षक दिसलं की मला घाम फुटतो. तुम्हाला जमेल असा प्रश्न असा दिसतो: ‘इयत्ता चौथीच्या वर्गात दर तासानंतर पाण्याची घंटा दिली तर शेवटच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांची संख्या कमी होते का?’ यात आपण काय बदलतो (पाण्याची घंटा, म्हणजे स्वाश्रयी चल) आणि त्यामुळे काय बदलेल असं वाटतं (पेंगणं, म्हणजे आश्रयी चल) हे दोन्ही स्पष्ट आहे. परिकल्पना एका वाक्यात लिहा. गृहीतक आणि परिकल्पना यांची गल्लत करू नका. जे आपण खरं धरून चालतो ते गृहीतक, जे तपासायचं आहे ती परिकल्पना.

एका वेळी एकच बदल करा. पत्र्याला चुना, पाण्याची घंटा आणि नवी बैठक एकाच आठवड्यात केलीत तर वर्गाचं भलं होईल, पण कशानं झालं ते कळणार नाही. मुलाच्या तब्येतीचा प्रश्न असेल तिथे मात्र हा नियम बाजूला. चष्मा लागणाऱ्या मुलाला तुलनेसाठी थांबवून ठेवायचं नसतं.

दोन शिक्षकी शाळेत तुलनेला दुसरी तुकडी मिळत नाही. अशा वेळी त्याच वर्गाची स्वतःशी तुलना करा: दोन आठवडे उपायाविना, दोन आठवडे उपायासह, मग शक्य असेल तर पुन्हा दोन आठवडे उपायाविना. उपाय काढल्यावर आकडे पुन्हा बिघडले तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

नवेपणाच्या परिणामापासून सावध राहा. १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला तर कामगारांचं काम वाढतं का, हे पाहायचे प्रयोग झाले. उजेड कमी केला तरी काम बऱ्याचदा घटलं नाही, आणि आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय या जाणिवेचाच तो परिणाम असावा असा अर्थ लावला गेला. पुढे त्या आकडेवारीवर अभ्यासकांनी शंकाही घेतल्या, पण इशारा आपल्या कामाचा आहे. बाई वही घेऊन आपल्याकडे बघतात म्हटल्यावर पोरं ताठ बसतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नोंद घ्या, पण हिशेबात धरू नका.

७. चाचणी तयार करा

आधी संविधान तक्ता: उभ्या बाजूला घटक, आडव्या बाजूला उद्दिष्टं (ज्ञान, आकलन, उपयोजन), चौकटीत गुण. हा तक्ता न करता काढलेली प्रश्नपत्रिका शिक्षकाला आवडणाऱ्या घटकाकडे झुकते. हातच्याची वजाबाकी तपासायची असेल तर त्याच एका कौशल्याचे चढत्या क्रमानं आठ-दहा प्रश्न पुरेत.

सप्रमाणता म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. त्याला पाच ओळींचं शाब्दिक उदाहरण दिलं आणि ते चुकलं, तर चुकलं काय, गणित की मराठी? तेच उदाहरण तोंडी, हातवारे करून सांगून पाहा. उत्तर बरोबर आलं तर तुमची गणिताची चाचणी भाषेची चाचणी झाली होती.

विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तरी साधारण तेच माप येतं का. लेखी उत्तरांसाठी आधी उत्तरसूची आणि गुणदान ठरवून घ्या, आणि पाच-सहा पेपर सहकारी शिक्षकाकडून, तुमचे गुण न दाखवता, तपासून घ्या. दोघांत फार अंतर पडलं तर दोष गुणदानात आहे. वाचनाची चाचणी एकेका मुलाची, बाकीच्यांना ऐकू येणार नाही अशी घ्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे टप्पे सोयीचे आहेत. पूर्वचाचणीला (उपायाआधीच्या) आणि उत्तरचाचणीला (उपायानंतरच्या) सारख्याच अवघडपणाचे पण वेगळे उतारे हवेत.

८. दिवस निवडताना

दोन्ही चाचण्या त्याच खोलीत, त्याच वेळी, पोटात अन्न गेल्यावर. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी आणि कार्यक्रम आटोपून आलेल्या मुलांकडून काही अपेक्षा ठेवू नका. लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळ अमावस्येला) अख्खं गाव शेतात असतं, तो दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा दिवस सोडा. गोळ्यांच्या मोहिमेचा दिवसही नको.

सगळ्यात मोठी गोष्ट ऊसतोडीची. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबं कारखान्यांच्या भागात निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पूर्वचाचणी सप्टेंबरमध्ये आणि उत्तरचाचणी फेब्रुवारीत ठेवली तर मधल्या काळात वर्गच बदललेला असतो. सगळा उपक्रम जुलै ते सप्टेंबर या काळात बसवा, किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी मुलं कोण, जाणारी कोण, याची यादी आधीच करा.

९. प्रश्न तपासा

चाचणी झाल्यावर मुलांबरोबर प्रश्नांचीही तपासणी करायची असते. ३७ मुलं आहेत असं धरा. पेपर गुणांच्या उतरत्या क्रमानं लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे १०-१० पेपर वेगळे काढा.

चौथा प्रश्न वरच्या गटात ८ जणांना आणि खालच्या गटात ३ जणांना आला. काठिण्य मूल्य (प्रश्न किती जणांना आला): (८ + ३) ÷ २० = ०.५५, म्हणजे मध्यम. भेदनमूल्य (वरच्या आणि खालच्या गटांत प्रश्न किती फरक करतो): (८ − ३) ÷ १० = ०.५. भेदनमूल्य ०.४ किंवा जास्त असेल तर प्रश्न उत्तम, ०.३ च्या वर चांगला, ०.२ च्या खाली असेल तर बदला.

सातवा प्रश्न वरच्या गटात ४ जणांना, खालच्या गटात ६ जणांना आला. भेदनमूल्य उणे ०.२. असा प्रश्न हुशार मुलांना फसवतो. उदाहरणार्थ, ‘५ कट्टे सोयाबीनचं वजन किती?’ असं विचारलं आणि कट्ट्याचं वजन सांगितलंच नाही. पुस्तकातला ५०चा आकडा आठवून एकानं गुणाकार केला. शेतातल्या पोरानं आपल्या घरी ज्या कट्ट्यात ६० किलो भरतात तो हिशेब धरला आणि तो ‘चूक’ ठरला. पोराचं बरोबरच होतं.

पट १०-१२ असेल तर २७ टक्क्यांच्या भानगडीत पडू नका, निम्मे वर, निम्मे खाली करा. आकडे ढोबळ येतील, पण वाकडा प्रश्न तरीही सापडतो.

१०. सरासरीचे सापळे

नऊ मुलांचे २० पैकी गुण: ३, ४, ४, ५, ६, ६, ७, १८, १९. मध्यमान ८ येतं. पण ९ पैकी ७ मुलं त्या ८च्या खाली आहेत. मध्यांक, म्हणजे मधल्या मुलाचे गुण, ६. लहान वर्गात मध्यमानासोबत मध्यांक नेहमी द्या.

दुसरा सापळा मराठवाड्यात दरवर्षी लागतो. पाच मुलांचे पूर्वचाचणीतले गुण २, ३, ६, ८, ११. मध्यमान ६. त्यातली पहिली दोन मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला गेली. (मागे पडली ती दरवर्षी निम्मं वर्ष शाळा सुटते म्हणून, बुद्धीचा इथे संबंध नाही.) उरलेल्यांना उत्तरचाचणीत पुन्हा ६, ८, ११ मिळाले. मध्यमान ८.३३. एकही मूल काही नवं शिकलं नाही आणि सरासरी सव्वादोन गुणांनी वाढली! म्हणून ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या त्यांचीच तुलना करा, आणि गळालेली मुलं किती व का, हे अहवालात वेगळं लिहा.

तिसरा सापळा: सर्वांत कमी गुणांची मुलं निवडून त्यांच्यावरच उपाय करणं. त्या दिवशी ताप होता, झोप झाली नव्हती, अशा कारणांनी खाली गेलेली काही मुलं पुढच्या वेळी आपोआप वर येतात. ती सगळी वाढ उपक्रमाच्या नावावर लिहिली जाते. यावर इलाज म्हणजे निवड करण्याआधी थोड्या अंतरानं दोन चाचण्या घेणं.

११. अहवाल

समस्या, परिकल्पना, कार्यवाही, आकडे, निष्कर्ष. दहा-बारा पानं खूप झाली. मुलांची नावं कुठेही नकोत: वि-१, वि-२ असे क्रमांक द्या, आणि क्रमांकाची यादी स्वतःजवळ ठेवा. कुणाला जंत, कुणाची नजर कच्ची, कोणत्या मुलीला कधी त्रास होतो, ही माहिती वर्गात मोठ्यानं वाचायची नसते, ग्रुपवर टाकायची नसते.

उपाय फसला असेल तरी तसंच लिहा. पाण्याच्या घंटेनं फरक पडला नाही, कारण टाकीतलं पाणी दुपारी इतकं गरम होतं की मुलं पीतच नव्हती, हा निष्कर्ष पुढच्या शिक्षकाच्या कामाचा आहे. त्याला माठ ठेवावासा वाटेल.

झेरॉक्सच्या दुकानात तयार कृतिसंशोधनं मिळतात, फक्त शाळेचं नाव बदलायचं. डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याते ती ओळखतात, कारण तीच तीच दरवर्षी त्यांच्या टेबलावर येतात. तुमचं काम खरं असेल तर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शिक्षक नवोपक्रम स्पर्धेत पाठवा. त्या वर्षीच्या परिपत्रकातली पृष्ठमर्यादा, नमुना आणि शेवटची तारीख आधी वाचा. मूळ नोंदवही जोडू नका, तिच्या पानांचे फोटो जोडा, कारण पुढच्या जूनमध्ये नवा वर्ग आला की त्याच वहीत पुढच्या पानावर तापमान लिहायचं आहे.